बोट हातात आहे तोवर

(दृश्य : डिसेंबरातली सकाळ. यवतमाळ जिल्ह्यातलं कापसाचं रान. कमरेला ओटी बांधलेल्या बाया ओळीनं वेचत पुढे जाताहेत. एक जण मागे पडलीय.)

वेचणीची मजुरी किलोवर असते. संध्याकाळी काट्याला गाठोडं टांगलं की कुणाची बोटं किती चालली ते सगळ्यांना दिसतं. मागे पडलेल्या या मावशी दोन वर्षांमागे सगळ्यांच्या पुढे असायच्या. आता उजव्या हाताचं मधलं बोट वाकत नाही, म्हणून त्या डाव्या हातानं वेचतात.

‘सकायी त मूठच होत नाई बाई. भाकर थापाले बसलो का अर्धा-पाऊण तास असाच जाते. मंग काम करता करता मोकयं होते.’

मावशींना सोरायटिक आर्थ्रायटिस आहे, म्हणजे सोरायसिस या कातडीच्या आजारासोबत येणारा सांध्यांचा दाह. निदानाचं निम्मं काम त्यांनीच करून ठेवलंय. झिजलेला सांधा कामानंतर ठणकतो आणि बसलं की शांत होतो. आतून दाह असलेल्या सांध्याचं उलटं असतं. तो रात्रभराच्या विश्रांतीनं आखडतो आणि हालचालीनं सुटतो. हे आखडणं अर्ध्या तासापुढे गेलं तर शंका घ्यायची. पण मावशींना ‘सकाळी कसं असतं?’ असं दोन वर्षांत कुणी विचारलंच नाही. आधी कुणी म्हणालं, चिकनगुनियाचं मागे राहिलेलं दुखणं. मग युरिक ॲसिड. मग रक्त तपासलं, संधिवातासाठी करतात ती आरए फॅक्टरची चाचणी निगेटिव्ह आली आणि ‘काही नाही, कामानं होतं’ म्हणून पिशवीभर गोळ्या देऊन घरी पाठवलं. शेवटी शेजारणीनं बोटाला बिब्बा घातला.

(दृश्य : उपकेंद्र. टेबलावर ग्लुकोमीटर, स्पिरिटची बाटली, नोंदवही.)

तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा सीबॅक, म्हणजे आजारांचा धोका ओळखायचा फॉर्म आशाताई भरते; बीपी आणि शुगर तपासायची, हे एएनएम म्हणजे सिस्टर आणि सीएचओ म्हणजे उपकेंद्राचे आरोग्य अधिकारी यांचं रोजचं काम. आणि सोरायटिक आर्थ्रायटिस बहुतेकांना गाठतो तोही तिशी ते पन्नाशीतच, बाई असो की बुवा. म्हणजे ज्यांच्यात हा आजार शोधायचा, ती माणसं आपण होऊन या टेबलासमोर बसतात आणि हात पुढे करतात. सिस्टर बोट धरते, बोळा फिरवते, टोचते, थेंब पट्टीला लावते. आकडा यायला काही सेकंद लागतात. तेवढा वेळ बोट तिच्या हातात असतं. ही फिल्म त्या काही सेकंदांची आहे.

(दृश्य : नख, अगदी जवळून.)

शिंप्याच्या अंगुस्तानावर असतात तसे बारीक खड्डे दिसताहेत? नखाचं टोक खालच्या कातडीपासून सुटलंय, आणि मध्येच तेलाचा थेंब मुरावा तसा तांबूस-पिवळा डाग आहे. मावशींना वाटतं, मातीनं आणि फवारणीनं नखं अशी झाली. बुरशीनंही नख जाड आणि पिवळं होतं, ती गल्लत डॉक्टरांचीही होते. पण टाचणीनं टोचल्यासारखे खड्डे बऱ्याच नखांवर असतील तर पुढचा प्रश्न कातडीचा.

‘मावशी, डोक्यात खपल्या निघतात का? कानामागं, बेंबीत, बसायच्या जागी काही चट्टे?’

मावशी पदर सारखा करतात. उत्तर देत नाहीत.

हे गप्प बसणं समजून घ्यायला हवं. वर्ध्याजवळच्या दत्तपुरात १९३६ साली कुष्ठरुग्णांसाठी काम उभं राहिलं, वरोऱ्याला बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये आनंदवन सुरू केलं. घरानं बाहेर काढलेली माणसं तिथं उभी राहिली. तरीही अंगावर चट्टा म्हटलं की विदर्भातल्या घरात आजही आवाज खाली येतो. लेकीच्या सोयरिकीचा विचार आधी होतो, औषधाचा नंतर. सोरायसिस शिवल्यानं, एका ताटात जेवल्यानं, एका पलंगावर निजल्यानं होत नाही, हे सिस्टरनं मोठ्यानं सांगावं. सोबत आलेल्या सुनेला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

आणि एक गफलत आपल्या यंत्रणेतली. आशाताईला कुष्ठरोगाचा चट्टा ओळखायला शिकवलेलं असतं. ती चट्ट्याला कापूस लावून बघते, स्पर्श कळतो, मग ‘नाही’वर खूण करते. तिचं काम चोख झालं. पण कुष्ठरोग नाही तर मग हे आहे काय, याला फॉर्मात रकाना नाही. चांदीसारखी खपली असलेला, संवेदना शाबूत असलेला सोरायसिसचा चट्टा त्या फटीतून निसटतो. आमच्या मते सगळ्यात जास्त रुग्ण इथेच हरवत असावेत.

सोरायसिस असलेल्या दर दहांतल्या तिघांपर्यंत लोकांचे सांधे पुढे धरू शकतात. बहुतेकांत कातडी आधी, सांधे नंतर, कधी दहा वर्षांनी. काहींचे सांधे मात्र आधी दुखतात, चट्टे मागून येतात.

(दृश्य : प्राथमिक आरोग्य केंद्राचा हॉल. पंचवीसेक सिस्टर सतरंजीवर. पडद्यावर सुजलेल्या बोटाचा फोटो.)

शिकवणारी विचारते, ‘असं बोट कुणी पाहिलंय?’ एकदम दहा-बारा हात वर. ‘सिकलसेलचं लेकरू, मॅडम.’ बरोबर. विदर्भातल्या सिस्टरांना हे कुणी शिकवावं लागत नाही. या रक्ताच्या आनुवंशिक आजारात वर्ष-दोन वर्षांच्या बाळाची बोटं मुळापासून टोकापर्यंत फुगतात, ते त्यांनी कितीदा पाहिलंय. ‘आता हेच बोट चाळीस वर्षांच्या बाईचं असलं तर?’ हॉल शांत. सांध्यापुरती गाठ न येता अख्खं बोट सुजलेलं असतं. सांध्याबरोबर स्नायूबंधांच्या आवरणालाही सूज येते, म्हणून ते असं दिसतं. त्याला डॅक्टिलायटिस म्हणतात.

मग ती पाच प्रश्न पाठ करून घेते. पेस्ट नावाच्या प्रश्नावलीतले आहेत, सोरायसिसच्या प्रत्येक माणसाला विचारायचे. कधी सांधा सुजला होता का? तुम्हाला संधिवात आहे असं कुण्या डॉक्टरानं सांगितलं होतं का? नखांना खड्डे आहेत का? टाच दुखते का? बोट किंवा पायाचं बोट काही कारण नसताना पूर्ण सुजून दुखलं का? तीन किंवा जास्त प्रश्नांना ‘हो’ आलं की मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी द्यायची. टाचेपाशी बहुतेक जणी अडतात, कारण टाचदुखी म्हणजे भेगा किंवा चपला असंच डोक्यात बसलेलं. स्नायूबंध जिथं हाडाला चिकटतो तिथंही हा आजार सूज आणतो.

‘पण मॅडम, आरए निगेटिव्ह असला तर?’

हा प्रश्न येतोच. निदानासाठी २००६ पासून कॅस्पर नावाचे निकष वापरतात. सांध्याला दाह असला की गुण मोजायचे. त्यात आरए फॅक्टर निगेटिव्ह असण्याला एक गुण मिळतो. अंगावर सोरायसिस असेल तर दोन, नखांचा एक, सुजलेल्या बोटाचा एक. तीन गुण पुरेसे. डोक्यातले चट्टे, नखांतले खड्डे, सुजलेलं बोट आणि निगेटिव्ह आरए, असे मावशींचे पाच होतात. ज्या कागदावर त्यांना घरी पाठवलं, त्यातही त्यांच्या बाजूनं एक गुण होता.

चिठ्ठीवर नुसतं ‘सांधेदुखी’ लिहून उपयोग नाही. सेवाग्रामला १९६९ साली देशातलं पहिलं ग्रामीण मेडिकल कॉलेज निघालं. तिथं जा, नागपूरला जा की यवतमाळला, ओपीडीत सांधेदुखीच्या चिठ्ठ्यांचा ढीग असतो. लिहायचं ते असं : डोक्यात चट्टे, नखांत खड्डे, सकाळी पाऊण तास आखडणं, उजवं मधलं बोट पूर्ण सुजलेलं. या एका ओळीनं तारीख अलीकडे येऊ शकते, आणि उशीर परवडत नाही. सहा महिने उशीर झालेल्यांच्या हाडांची झीज जास्त होते, असं अभ्यासांत दिसलंय.

(दृश्य : मावशींचं घर. खुंटीला टांगलेलं कॅलेंडर.)

मावशींना मेथोट्रेक्सेट हे दाह आटोक्यात ठेवणारं औषध सुरू झालं. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची, रोज घेतली तर जिवावर बेतते. सोबतची फॉलिक ॲसिडची गोळीही अनेकदा तशीच बारीक, पिवळी. सिस्टरनं तोड काढली : मेथोट्रेक्सेट बाजाराच्या दिवशी. कॅलेंडरवर दर सोमवारी पेनानं गोल काढून दिलाय.

रक्त आणि लिव्हरची तपासणी ठरल्या वेळी करायची, दारू नको. या औषधात गर्भ राहायला नको; बाई पोटुशी राहण्याच्या वयाची असेल तर सिस्टरनं ते बघावं, पात्र जोडप्यांची, म्हणजे मूल होण्याच्या वयातल्या जोडप्यांची नोंदवही तिच्याकडेच असते. साध्या तापखोकल्याला को-ट्रायमोक्साझोल हे अँटिबायोटिक हातात देण्याआधी ही गोळी आठवायची; दोन्ही मिळून रक्तपेशी खाली आणू शकतात. बाहेरून आणलेल्या पुडीत स्टेरॉइड असेल तर ते एकदम तोडलं की चट्टे उसळतात. आणि बिब्बा? सोरायसिसच्या माणसाची कातडी जिथं भाजली तिथं नवा चट्टा उगवू शकतो. मावशींच्या बोटावर तो आहे, पैशाएवढा गोल.

(दृश्य : पुन्हा उपकेंद्र. रांग.)

‘पुढच्या या.’ पस्तिशीची बाई बसते, हात पुढे करते. दहाही नखांना लाल नेलपॉलिश. सिस्टर बोट धरते, नख उजेडाकडे वळवून बघते, काही दिसत नाही. टोचते. पट्टी थेंब ओढून घेते.

‘ताई, चप्पल काढा बरं जरा.’

‘शुगरसाठी पाय कायले?’

‘काढा तर.’