अंगठा, पोच आणि साक्षीदार

अध्यक्ष महोदय, ग्रंथालयाचे पदाधिकारी आणि उपस्थित बंधुभगिनींनो,

या व्याख्यानमालेत आजवर प्राध्यापक बोलले, वकील बोलले, गेल्या वर्षी एक निवृत्त न्यायाधीशही बोलून गेले. यंदा कार्यवाहांनी माझ्या दारात येऊन ‘देशाचा कारभार आणि रोजचे तंत्रज्ञान, एका सामान्य नागरिकाच्या नजरेतून’ असा ऐसपैस विषय माझ्यापुढे ठेवला, तेव्हा एवढ्या मोठ्या विषयाला आपण कुठून हात घालणार, असा प्रश्न मला पडला. मी पोस्टात ३९ वर्षे नोकरी केली. पहिली अकरा वर्षे पोस्टमन म्हणून पायी फिरलो आणि उरलेली खिडकीमागे बसून काढली. म्हणून या विषयातला जो भाग माझ्या हाताखालून गेला तेवढ्यावरच बोलायचे मी ठरवले. तो भाग म्हणजे माणसाचा अंगठा.

आमच्या कोकणाला मनीऑर्डरीवर जगणारा मुलूख म्हणत, आणि त्यात अतिशयोक्ती नव्हती. लालबाग-परळच्या गिरण्यांत काम करणारा माणूस पगार झाला की घरी पैसे पाठवी आणि महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात माझी पिशवी जड होई. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, त्याची बातमी वर्तमानपत्रात मी वाचलीच, पण तिचा अर्थ मला कळला तो मार्चमध्ये, माझ्या वाटेवरच्या वाड्यांमधल्या मनीऑर्डरींचा गठ्ठा अर्ध्यावर आला तेव्हा. ‘माझं काय आलंय का रे?’ असे विचारत ओट्यावर उभ्या राहणाऱ्या बायकांना नाही म्हणायला लागू नये म्हणून काही घरांवरून मी मान खाली घालून जात असे. देशाचा कारभार सामान्य माणसापर्यंत पोहोचतो तो असा पिशवीच्या वजनातून.

आता त्या मनीऑर्डरीची रीत नीट सांगतो, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. मी पैसे मोजून हातावर ठेवत असे, समोरचा माणूस ते पुन्हा मोजून घेई आणि मग फॉर्मवर सही करी. सही येत नसेल तर शाईच्या पॅडवर अंगठा टेकवून त्याचा ठसा घ्यायचा, आणि त्या ठशाशेजारी गावातल्या कुणातरी लिहिता-वाचता येणाऱ्या ओळखीच्या माणसाने साक्षीदार म्हणून सही करायची. फॉर्मचा एक तुकडा पाठवणाऱ्याकडे परत जाई. त्याला आम्ही पोच म्हणत असू. मुंबईच्या खोलीत तो तुकडा हाती पडला की आईचा निळा ठसा पाहून पोराला पैसे पोहोचल्याची खात्री पटे.

या व्यवहारात अंगठ्याचे स्थान कुठे होते, ते पाहा. अंगठा शेवटी यायचा. मिळाल्यानंतरची ती पोच होती. आणि तो ठसा एकटा कधीच नसायचा. त्याच्या बाजूला दुसऱ्या माणसाचे नाव असायचे.

त्या काळाचे गोडवे गाण्याचा माझा विचार नाही. मनीऑर्डरीमागे चहापाण्याचे दोन रुपये कापून घेणारे पोस्टमन माझ्या खात्यात होते, आणि साक्षीदाराची सही कोऱ्या फॉर्मांवर आधीच घेऊन ठेवणारेही होते. रेशन दुकानांतली स्थिती याहून वाईट होती. शिधापत्रिकेवर ‘दिले’ असे लिहून धान्य मागच्या दाराने जायचे आणि मेलेल्या माणसांच्या नावावर साखर उचलली जायची. तेव्हा अंगठा यंत्रावर आला याचे ज्यांना बरे वाटले, त्यांत मीही होतो.

पण त्याआधी आकड्यांबद्दल थोडे विषयांतर करतो; पोस्टातल्या माणसाला तेवढी मुभा असावी. १५ ऑगस्ट १९७२ रोजी आपल्या देशात पिनकोड सुरू झाला. तो ज्यांनी आखला ते श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ होते, तार-टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतातले कवी. एकाच नावाची अनेक गावे, नाना लिप्या, नाना हस्ताक्षरे यांतून पत्र नेमक्या ठिकाणी जावे म्हणून त्यांनी गावांना सहा आकडे दिले. महाराष्ट्र आणि गोव्याचे पिनकोड चारने सुरू होतात ते त्याच रचनेमुळे. आता यातली गोष्ट अशी की पिनकोड चुकला तरी पत्र पोहोचायचे. उशीर व्हायचा, पण सॉर्टिंग करणारा पत्त्यावरचे गाव वाचून ते वळते करायचा. आकडा माणसाच्या मदतीला होता. आकडा चुकला म्हणून पत्र फाडून टाका, असा नियम कुणी केला नव्हता.

पुढे २९ सप्टेंबर २०१० रोजी, आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात पहिला आधार क्रमांक दिला गेला. गावाला सहा आकडे होते, माणसाला बारा मिळाले. ज्यांच्याकडे जन्माचा दाखला नाही, घराचा उतारा नाही, त्यांना ‘मी अमुक’ असे सांगता यावे, हा त्यामागचा हेतू मला आजही योग्य वाटतो. प्रश्न पुढच्या वळणावर निर्माण झाला, जिथे ओळख सांगण्याचे साधन हक्काच्या दाराला लावलेले कुलूप झाले.

माझ्या शेजारच्या वाडीत एक आजी राहतात. एकट्या असतात. त्यांचे कार्ड अंत्योदयचे आहे, म्हणजे महिन्याला ३५ किलो धान्याचा त्यांचा हक्क आहे आणि तो २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने दिलेला आहे. आयुष्यातली वीस-बावीस वर्षे त्यांनी काजूच्या कारखान्यात बी फोडण्यात घालवली. काजूच्या टरफलात जे तेल असते ते कातडी भाजून काढते. राख लावली, खोबरेल लावले तरी बोटे काळी पडतात आणि बोटांवरच्या रेषा हळूहळू सपाट होतात. गेल्या पावसाळ्यात मी रेशन दुकानात माझ्या कामासाठी उभा असताना या आजी पॉस मशीनपुढे, म्हणजे अंगठा तपासून धान्याची नोंद करणाऱ्या यंत्रापुढे, होत्या. त्यांनी अंगठा टेकवला, मशीनने नाकारला. त्यांनी तो पदराला पुसून पुन्हा टेकवला, मग फुंकर मारली, मग दुकानदाराने सांगितले म्हणून मधले बोट लावले, मग डाव्या हाताचा अंगठा. सहा वेळा. दुकानदार काही वाईट माणूस नाही. त्याने मोबाईलवर ओटीपी मागवून पाहिला. पण आधारला जोडलेला नंबर नातवाचा होता, त्यामुळे ओटीपी नालासोपाऱ्याला गेला, आणि नातू त्या वेळी कामावर होता, त्याचा फोन लॉकरमध्ये. शेवटी दुकानदार म्हणाला, ‘आजी, उद्या या, आज सर्व्हरपण डाऊन आहे.’ आजींनी रिकामी पिशवी घडी करून काखेत मारली आणि मला म्हणाल्या, ‘माझंच बोट खराब, त्यो तरी काय करील?’

हे वाक्य मी विसरू शकलेलो नाही. ज्या बोटांनी देशाला परकीय चलन मिळवून दिले, त्याच बोटांना त्या खराब म्हणत होत्या.

मी घरी येऊन शोधाशोध केली. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात एक अकरा वर्षांची मुलगी मरण पावली; कुटुंबाचे कार्ड आधारशी जोडले नाही म्हणून रद्द झाले होते आणि घरात अन्न नव्हते, असे तिच्या आईचे म्हणणे होते, तर आजाराने मृत्यू झाला असे सरकारचे. या वादानंतर ऑक्टोबरमध्ये केंद्राकडून राज्यांना कळवण्यात आले की आधार नाही किंवा अंगठा जुळत नाही एवढ्या कारणावरून पात्र माणसाचे धान्य अडवू नये, दुसरा पुरावा पाहून ते द्यावे आणि अशा प्रसंगांची नोंद वेगळ्या वहीत ठेवावी. पुढे २६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ४ विरुद्ध १ अशा बहुमताने शासकीय लाभांसाठी आधार वैध ठरवले, बँक खाते आणि मोबाईल यांच्या जोडणीची सक्ती मात्र काढून टाकली. अंगठा जुळला नाही म्हणून कुणी वंचित राहणार नाही, अशी ग्वाही सरकारच्या वतीने त्या खटल्यात देण्यात आली होती. म्हणजे दिल्लीच्या कागदावर आजींची काळजी घेतलेली आहे. तो कागद दुकानापर्यंत येता येता कुठेतरी राहिला, आणि मशीन मात्र पोहोचले.

मला यंत्राचा राग नाही. बाजारात भाजीवालीकडे यूपीआयने पैसे देताना मला मनापासून आनंद होतो. २०१६ साली ही सोय सुरू झाली. आज आमच्या मच्छी मार्केटात सुटे पैसे मागणारे कुणी उरलेले नाही. पण तिथली कोळीण या सगळ्यावर विश्वास का ठेवते, याचा तुम्ही विचार केला आहे का? तिने माझ्या फोनचा पडदा कधीच पाहिला नाही. पाटीशेजारच्या त्या छोट्या डब्यातून ‘ऐंशी रुपये प्राप्त झाले’ असा आवाज येतो, तो तिला ऐकू येतो, मला ऐकू येतो, शेजारच्या दोघींना ऐकू येतो. तो डबा म्हणजे साक्षीदार आहे. चारचौघांत ओरडून सांगणारा.

मतदान यंत्राचेही असेच झाले. १९८२ मध्ये केरळातल्या परूर मतदारसंघात काही केंद्रांवर ते प्रथम वापरले गेले, पण बटण दाबल्यावर मत कुणाला गेले हे मतदाराला दिसण्याची सोय यायला २०१३ उजाडावे लागले. न्यायालयाने सांगितले, मग काचेआडची ती चिठ्ठी हळूहळू सगळीकडे आली. सात सेकंद दिसते आणि खाली पडते. यंत्र चांगले की वाईट, या वादात मी शिरत नाही. एवढेच म्हणतो की ती चिठ्ठी मागणारा मतदार यंत्रविरोधी नव्हता, तो पोच मागत होता.

याच्या उलट, हल्ली वयस्कर माणसांना ‘डिजिटल अरेस्ट’ची, म्हणजे व्हिडिओ कॉलवर खोटा पोलीस करतो त्या अटकेची, भीती घालून लुबाडले जाते, ते पाहा. अशी अटक कोणत्याही कायद्यात नाही, आणि फसगत झाली तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करून कळवायचे, हे आपण सर्वांनी ऐकले आहे. तरी शिकलेली माणसे फसतात, कारण तो ठग पहिली अट अशी घालतो की खोलीचे दार लावा, कुणाशी बोलू नका, कॅमेऱ्यासमोरून हलू नका. साक्षीदार बाहेर काढला की काम झाले. माझ्या एका जुन्या सहकाऱ्याची पेन्शनीची रक्कम अशीच जात होती. सुनेने चहा द्यायला दार ढकलले म्हणून वाचली.

तेव्हा माझे म्हणणे थोडक्या शब्दांत असे आहे की यंत्र आणायचे तर ज्याने आणले त्याने त्याच्या चुकीचा भार वाहावा. अंगठा लागला नाही, ही बाब यंत्राच्या खात्यात मांडली पाहिजे, आजींच्या नव्हे. आज यंत्र नकार देते आणि त्या नकाराचा कागद मागे राहत नाही. आमच्या पोस्टात मनीऑर्डर परत गेली तर फॉर्मवर कारण लिहावे लागे: ‘घर बंद’, ‘गाव सोडले’, ‘घेण्यास नकार’. त्या खाली माझी सही असे आणि चौकशी झाली तर मला उत्तर द्यावे लागे. ‘सर्व्हर डाऊन’ याखाली सही कुणाची असते?

दुसऱ्या दिवशी मी आजींबरोबर दुकानात गेलो. दुकानदाराला केंद्राची ती सूचना दाखवली आणि नोंदीची वही मागितली. त्याच्याकडे तशी वही नव्हती, अशी काही वही असते हेही त्याला ठाऊक नव्हते. आम्हाला फक्त मशीन दिले, असे तो म्हणाला, आणि ते खरेच असावे. मी समोरच्या दुकानातून शंभर पानी वही आणली, पट्टीने रकाने आखले, आणि काल काय घडले ते तारीख-वेळेसह लिहून काढले. दुकानदाराने जरा कां-कू करत सही केली. त्या पानाची झेरॉक्स तहसील कार्यालयातल्या पुरवठा शाखेत देऊन आम्ही पोच घेतली. चौथ्या दिवशी निरीक्षकांचा निरोप आला आणि आजींना धान्य मिळाले.

ती वही अजून दुकानात गल्ल्याशेजारी आहे. पहिल्या ओळीत लिहिले आहे, ‘अंगठा सहा वेळा लागला नाही, धान्य दिले नाही.’ तिच्या खाली चार दिवसांनंतरची तारीख आणि ‘३५ किलो मिळाले’ अशी नोंद आहे. तिच्यापुढे आजींचा शाईचा ठसा आहे, रेषा नसलेला, नुसता निळा डाग, आणि त्याशेजारी साक्षीदार म्हणून माझी सही आहे.