भंगारात देण्याआधी निदान

(ठाण्यातील एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्षमहोदय आणि श्रोतेहो,

दिवाळीच्या साफसफाईच्या दिवसांत घोडबंदर रोडवरच्या किंवा नेरुळच्या एखाद्या मोठ्या सोसायटीच्या कचराखोलीत डोकावले, तर तिथे मिक्सर, टेबलफॅन, इस्त्र्या आणि एखादे वॉशिंग मशीन हमखास सापडते. या वस्तू बिघडलेल्या आहेत असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात घरधन्याने कंटाळून, दुकानदाराने एक्सचेंजच्या सवलतीपोटी आणि भंगारवाल्याने वजन पाहून त्यांचा निकाल लावलेला असतो. नेमके काय बिघडले आहे, हे या तिघांपैकी कोणीच पाहिलेले नसते. दुरुस्ती करावी की भंगारात द्यावे हा वाद निदानानंतरचा आहे, एवढेच माझे म्हणणे आहे.

टेबलावर ठेवलेला हा मिक्सर पाहा. ‘मोटर जळाली’ असे सांगून तो देण्यात आला. पहिली तपासणी त्याला उलटा करून होते, कारण तळाशी असलेले लाल बटण हा ओव्हरलोड स्विच असतो. इडलीचे घट्ट पीठ वाटताना मोटर तापली की तो पुरवठा तोडतो; मोटर निवू देऊन बटण दाबले की काम पूर्ववत सुरू होते. तेवढ्याने भागले नाही तर कार्बन पाहावेत. मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोहोचवणाऱ्या या दोन कांड्या स्प्रिंगच्या दाबाने कम्युटेटरवर, म्हणजे फिरत्या भागाच्या टोकाच्या तांब्याच्या कड्यावर, घासत राहतात आणि झिजणे हा त्यांचा धर्मच आहे. त्या आखूड झाल्या की आधी ठिणग्या उडू लागतात, मग मोटर गप्प होते. मोटर घुरघुरते पण पाते फिरत नाही, अशी तक्रार असेल, तर दोष बहुधा कपलरच्या, म्हणजे मोटरची गती जारच्या पात्याला देणाऱ्या दातेरी जोडचकतीच्या, झिजलेल्या दातांचा असतो. अनेक कपलरांचे आटे उलटे असतात हे ठाऊक नसलेला उत्साही माणूस जोर लावून शाफ्टच बिघडवतो, आणि मग मिक्सर खरोखरच भंगारात जातो. वार्निश जळाल्याचा उग्र वास आणि काळवंडलेले कम्युटेटर, दोन्ही एकत्र आढळली तरच मोटर जळाल्याचे म्हणावे. तिथे रिवाइंडिंगचा, म्हणजे मोटरची तार नव्याने गुंडाळण्याचा, खर्च आणि नव्या मिक्सरची किंमत यांचा हिशेब करणे रास्त आहे.

छताचा पंखा वर्षागणिक मंदावत गेला, तर आधी कंडेन्सर, म्हणजे विद्युतभार साठवून मोटरला फिरायला मदत करणारा छोटा भाग, बदलून पाहावा. बहुतेक घरगुती पंख्यांत तो सुमारे 2.5 मायक्रोफॅरॅडचा असतो आणि त्याची क्षमता काळाने उतरते. वॉशिंग मशीनचे पाणी उपसले जात नसेल, तर पंपाच्या जाळीत नाणी आणि केसांच्या पिना अडकलेल्या निघतात. मात्र आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत ज्या मशीनचा पत्र्याचा तळ गंजून खाली आला आहे, त्यावर खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

या तपासणीसाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. जुन्या पद्धतीचा 100 वॉटचा बल्ब वस्तूच्या मालिकेत जोडला की सीरिज बोर्ड तयार होतो. वस्तूत शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण प्रखर पेटतो, परिपथ कुठे तुटला असेल तर पेटतच नाही, आणि बिघडलेल्या वस्तूला थेट मेन्सवर लावण्याचा धोका टळतो. मायक्रोवेव्ह ओव्हन मात्र घरी उघडूच नये. प्लग काढल्यावरही त्यातल्या उच्चदाबाच्या कंडेन्सरमध्ये जीवघेणा विद्युतभार राहू शकतो.

फ्रिजच्या बाबतीत मी सरसकट दुरुस्तीचा पुरस्कार करत नाही. दर काही मिनिटांनी ‘टक्’ असा आवाज येऊन कॉम्प्रेसर सुरू होत नसेल, तर कॉम्प्रेसर गेल्याचे ठरवण्याआधी त्याला सुरू करणारा रिले आणि तो तापल्यास पुरवठा तोडणारा ओव्हरलोड तपासलेच पाहिजेत. पण फोमच्या आत गळणारी नळी, किंवा अवाच्या सव्वा वीज खाणारा जुनाट फ्रिज, यांना निरोप देणेच शहाणपणाचे. तो निरोपही रीतसर हवा. अनेक जुन्या फ्रिजमध्ये थंडावा निर्माण करणारा 134ए हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 1,400 पट तापमानवाढ घडवतो, तर नव्या फ्रिजमधला 600ए हा वायू ज्वालाग्राही आहे. भंगाराच्या वखारीत हातोड्याने नळी तोडली की पहिला हवेत जातो आणि दुसऱ्याला ठिणगी पुरते. तांब्यासाठी वायरी उघड्यावर जाळल्या की पीव्हीसीचा विषारी धूर शेजारच्या वस्तीत शिरतो, हेही विसरता येत नाही.

1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, 2022 मध्ये घरगुती उपकरणांचा समावेश आहे. उत्पादकांवर जबाबदारी टाकलेली आहे, आणि जुन्या वस्तूंचे नूतनीकरण करणाऱ्यांनाही त्यात नोंदणीकृत स्थान आहे. कायद्याची चौकट आहे, पण सोसायटीच्या दारापासून नोंदणीकृत केंद्रापर्यंतचे अंतर मधल्या माणसांच्या हाती आहे, आणि ते वजनावर पैसे मोजतात.

म्हणून सोसायट्यांनी एक खोली आणि महिन्यातला एक दिवस तपासणीसाठी राखावा. जवळच्या आयटीआयचे विद्यार्थी आणि नाक्यावरचा जाणता मेकॅनिक यांना मानधन देऊन बोलवावे. वस्तू देणाऱ्याने तक्रार चिठ्ठीवर लिहून चिकटवावी, जार आणि झाकण सोबत द्यावे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वायर कापू देऊ नये; कचराखोलीत तांब्यासाठी पहिली कात्री तिलाच लागते, आणि मग चालू वस्तूही बंद ठरते.

दुरुस्त झालेली वस्तू कोणाच्या हाती देण्यापूर्वी अर्थिंगची सलगता, म्हणजे अर्थची तार कुठे तुटलेली नाही ना, हे पाहावे आणि 500 व्होल्टच्या मेगरने, म्हणजे विद्युतरोधकता मोजणाऱ्या उपकरणाने, इन्सुलेशन मोजावे. एक मेगओहमच्या खाली वाचन आले तर वस्तू परत टेबलावर घ्यावी. काय बदलले, कोणी तपासले आणि कोणत्या तारखेला, हे लिहिलेली चिठ्ठी वस्तूच्या तळाशी चिकटवल्याशिवाय ती खोलीबाहेर जाऊ देऊ नये.