बोलांशिवायचं प्रोग्रेसिव्ह रॉक

नमस्कार श्रोतेहो. गाण्याचे शब्द बाजूला ठेवून नुसत्या वाजवण्यात सगळ्यांत सरस संगीत कुठलं, असा वाद निघाला की प्रोग्रेसिव्ह रॉकचे, म्हणजे रॉकमधल्या लांब, गुंतागुंतीच्या रचनांच्या शाखेचे, चाहते हटकून पुढे सरसावतात. त्यांचा दावा निम्मा खरा आहे. बांधीव रचनेत या संगीताचा हात धरणारे थोडेच. आयत्या वेळी सुचत जाणाऱ्या विस्तारात मात्र ते मागे पडतं.

बांधीव म्हणजे किती बांधीव, ते ऐका. कॅनडातल्या ‘रश’ या तिघांच्या बँडची १९८१ सालची रचना आहे, ‘वाय वाय झेड’. ही टोरांटो विमानतळाची संकेताक्षरं. तिथलं रेडिओ केंद्र वैमानिकांसाठी ती मोर्स लिपीत प्रक्षेपित करत असे, आणि रचनेची सुरुवात त्याच ठोक्यांनी होते. ‘वाय’ म्हणजे लांब, आखूड, लांब, लांब. ‘झेड’ म्हणजे लांब, लांब, आखूड, आखूड. लांब खुणेला अर्धी मात्रा, आखूड खुणेला पाव. मग हिशेब असा होतो: वाय पावणेदोन मात्रांचा, दुसरा वायही पावणेदोनचा, झेड दीडचा. एकूण पाच.

हाताने पाच संथ टाळ्या द्या आणि तोंडाने म्हणा: दाऽ दि दाऽ दाऽ, दाऽ दि दाऽ दाऽ, दाऽ दाऽ दि दि. पहिला वाय टाळीवर सुरू होतो. दुसरा दुसऱ्या आणि तिसऱ्या टाळीच्या मधे सुरू होतो, तिसरी टाळी पडायला पाव मात्रा उरलेली असताना. झेड चौथ्या आणि पाचव्या टाळीच्या बरोब्बर मधोमध. नवखे वादक इथे वायला ओढून पुऱ्या दोन मात्रांचा करतात. दोन वेळा पाव मात्रा वाढली की आवर्तन साडेपाचाचं होतं आणि सम हातची जाते. रशचा ड्रमर नील पर्ट हे ठोके आधी क्रोटल्सवर, म्हणजे ठरावीक सुरांत लावलेल्या छोट्या धातूच्या तबकड्यांवर वाजवतो. मग तोच नमुना अख्खा बँड उचलतो.

इंग्लिश वादक माइक ओल्डफिल्डच्या १९७३ सालच्या ‘ट्युब्युलर बेल्स’ या तबकडीची पियानोची सुरुवात याहून साधी वाटते, आणि फसवते जास्त. सात अधिक आठ, असं पंधराचं ते आवर्तन. आपल्याकडे पंधरा मात्रांची पंचम सवारी आहे, तेव्हा आकडा परका नाही. पण दर दोन स्वरांना पायाने ठेका धरून पाहा. पहिलं आवर्तन ठेक्यावर सुरू होईल, दुसरं दोन ठेक्यांच्या मधे, तिसरं पुन्हा ठेक्यावर. हा झोका ऐकणाऱ्याला जागं ठेवतो, म्हणूनच तीच सुरावट पुन्हापुन्हा येऊनही शिळी होत नाही. ओल्डफिल्ड तेव्हा विशीच्या आत होता आणि बहुतेक वाद्यं त्याने एकट्यानेच एकावर एक ध्वनिमुद्रित केली.

आता मेलोट्रॉन या की-बोर्ड वाद्याविषयी, कारण या संगीताच्या चालीवर त्याची छाप आहे. यात प्रत्येक पट्टीखाली टेपची एक फीत असते आणि तिच्यावर व्हायोलिनचा, बासरीचा किंवा कोरसचा एकेक स्वर मुद्रित केलेला. पट्टी दाबली की फीत फिरू लागते. सुमारे आठ सेकंदांत ती संपते आणि स्वर तुटतो. बोट उचललं की स्प्रिंग तिला मागे खेचते. त्यामुळे लांब स्वरसंगती धरायची तर बोटं एकदम न उचलता एकेक करून बदलावी लागतात. शिवाय सगळ्या फिती एकाच मोटरवर चालतात. बऱ्याच पट्ट्या एकदम दाबल्या की तिच्यावर ताण येऊन सूर खाली घसरू शकतो. प्रोग्रेसिव्ह बँड्सच्या संथ, सरकत्या सुरावटींमागे यंत्राच्या या मर्यादाही आहेत.

आता दुसरी बाजू. इंग्लिश गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिनने उस्ताद झाकीर हुसेन, एल. शंकर आणि विक्कू विनायकराम यांच्यासोबत ‘शक्ती’ ही जाझ आणि भारतीय संगीताचा मेळ घालणारी मंडळी उभी केली. १९७६ साली आलेली त्यांची पहिली तबकडी मैफलीचंच ध्वनिमुद्रण आहे. अवघड मात्रा तिथेही आहेत, पण वादक एकमेकांचं ऐकून तिथल्या तिथे उत्तर देतात. प्रोग्रेसिव्ह बँड मात्र बसवलेली चीज बहुतेक वेळा जशीच्या तशी वाजवतात, आणि त्यांचे लांबलेले की-बोर्ड सोलो अनेकदा नुसती बोटांची चपळाई दाखवतात. तिथे मला दाद द्यावीशी वाटत नाही.

अपवाद किंग क्रिम्सन या इंग्लिश प्रोग्रेसिव्ह बँडचा. १९७३-७४ मध्ये हा बँड मंचावर अनेकदा काहीच न ठरवता वाजवायला बसायचा. त्यांची ‘ट्रायो’ अ‍ॅमस्टरडॅमच्या मैफलीत अशीच जन्मली: व्हायोलिन, बेस गिटार आणि मेलोट्रॉनची बासरी. ड्रमर बिल ब्रूफर्डने एकही ठोका दिला नाही. तरी रचनाकारांत त्याचं नाव आहे, कारण न वाजवण्याचा निर्णय त्याचा होता.

ऐकायला सुरुवात करायची तर आधी ‘वाय वाय झेड’ टाळ्या देत ऐका, टाळी सुटेनाशी झाली की नुसता बेस धरून पुन्हा ऐका. ‘ट्रायो’साठी आवाज थोडा वाढवावा लागेल, ती फार हळू सुरू होते.