धूपदाळचं उथळ पाणी

मिरज–बेळगाव गाडीनं घटप्रभा स्टेशनात उतरलं की बेळगाव जिल्ह्यातलं धूपदाळ जवळच. डिसेंबरातली सकाळ. आम्ही कॅमेरा घेऊन पक्षी टिपायला आलोय. घटप्रभा नदीवरच्या बंधाऱ्यामागं पाणी सारवलेल्या अंगणासारखं सपाट पडलंय.

यातलं थोडं पाणी आंबोलीचं. हिरण्यकेशी तिथं उगम पावते आणि आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर करत घटप्रभेला मिळते. येताना माती घेऊन येते. कालव्यात पाणी वळवण्यासाठी 1897 साली हा बंधारा पुरा झाला, तेव्हापासून नदी इथं थबकते आणि अंगावरचं ओझं खाली ठेवते. पाटबंधारेवाल्यांच्या हिशेबात हा गाळ म्हणजे निव्वळ तोटा. पण 1974 साली इथं घटप्रभा पक्षी अभयारण्य झालं, त्याचं खरं भांडवल हा गाळच, असं माझं मत. गाळामुळंच तर पाणी उथळ राहतं.

हा थापट्या बदक बघा. चोच थेट उलथन्यासारखी, टोकाला पसरट. कडेनं फणीच्या दातांसारखी बारीक झालर. मान पाण्यावर टेकवून चालत्या चोचीनं पाणी आत घेतो, बाजूनं सोडतो. किडे आणि बिया झालरीत अडकतात. शेजारचं तलवार बदक मात्र शेपूट वर करून उलटं झालंय. मान पोचेल तिथवरच त्याचं जेवण. तळ त्याहून खाली गेला की ताट उचललंच म्हणायचं! वर हिडकल धरणात पाणी कितीतरी जास्त, पण यांच्या कामाचं तेवढं काठाकाठानं.

आणि कांड्या करकोचे. मंगोलिया-कझाकस्तानच्या गवताळ माळांवरून हिमालय ओलांडून येणारे. दिवसा शेतात हरभरा, ज्वारीचे दाणे टिपतात. रात्री घोटाभर पाण्यात उभ्यानं झोपतात. कोल्हा आला तर आधी पाणी वाजतं.

करकोचे पीक खातात का, विचारलं. "खात्यात की थोडं," काठावरचे एक शेतकरीमामा सांगतात, "पर आता सगळा ऊस. उसात कुठं उतरत्यात ते?"

खरंय. डोक्याच्या वर गेलेल्या पिकात करकोच्याला ना उतरता येतं, ना आजूबाजूचं दिसतं. ज्या बंधाऱ्यानं निजायला जागा दिली, त्याच्याच कालव्यानं हरभऱ्याचं रान लांब नेलं.

दिवस मावळला. आवाज आधी येतो, पक्षी मागून. पाय लोंबते सोडून उतरतात, दोन पावलं धावतात, थांबतात. कॅमेऱ्याचा लाल दिवा आम्ही चिकटपट्टीनं झाकलाय. आता चित्रात काळोखच दिसेल. आवाज तेवढा चालू ठेवतो.