निळ्याचं आयुष्य

(दृश्य: नाशिक, एम. जी. रोड. मोबाइल दुरुस्तीचं काउंटर, संध्याकाळ.)

हा दुरुस्तीला आलेला फोन. पडदा पांढरा केला, की वर घड्याळाचा आणि खाली कीबोर्डचा पिवळट ठसा दिसतो. कारागीर एवढंच म्हणतो, "कॉम्बो बदलावा लागेल." म्हणजे काचेसकट अख्खा पडदा.

पिवळट का? कारण पांढरा बनतो लाल, हिरवा आणि निळा मिळून, आणि त्या जागचा निळा झिजलाय.

दुकानात याला ॲमोलेड म्हणतात. याच्यामागे दिवा नसतो, प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो. उजळणारे असतात कार्बनचे रेणू. त्यांचे सगळे थर मिळून केसाच्या शंभराव्या हिश्श्याहूनही पातळ.

(दृश्य: अतिनील दिव्याखाली नोट.)

नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोटा छापल्या जातात. नोटेवरचा हा क्रमांक असा चमकतो, कारण शाईतला रेणू ऊर्जा घेतो आणि लगेच प्रकाश म्हणून परत करतो. ओएलईडीत, म्हणजे फोनच्या अशा पडद्यात, ऊर्जा विजेतून मिळते, आणि तिथे मोठी गळती आहे. विजेमुळे रेणू चार वेळा उत्तेजित झाला, तर सरासरी एकदाच 'सिंगलेट' ही सहज प्रकाश देणारी अवस्था मिळते. उरलेल्या तीन वेळा 'ट्रिपलेट'. साध्या रेणूत ट्रिपलेटची ऊर्जा उष्णतेत जाते. 1987 साली कोडॅकच्या चिंग तांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी 10 व्होल्टपेक्षा कमी दाबावर हिरवा प्रकाश मिळवला. तो पाया ठरला, पण गळती त्यातही होतीच.

1998 मध्ये प्लॅटिनमचा आणि पाठोपाठ इरिडियमचा रेणू आला. जड अणूमुळे ट्रिपलेटलाही प्रकाश देता येतो. पण इरिडियम फार दुर्मीळ. मग 2012 मध्ये जपानच्या क्युशू विद्यापीठात चिहाया अदाची यांच्या गटाने धातूच वगळला. त्यांनी रेणूच असा घडवला, की दोन अवस्थांमधली पायरी अगदी बुटकी झाली. खोलीत असते तेवढी ऊब ट्रिपलेटला वर, सिंगलेटपर्यंत, चढवायला पुरते. या सगळ्या प्रवासात मला सर्वांत सुंदर वाटते ती ही युक्ती.

निळा मात्र अजून दमवतो आहे. तिन्ही रंगांत त्याची ऊर्जा सर्वाधिक. ट्रिपलेट बराच काळ टिकतात. त्यातले दोन एकमेकांना भिडले, की एकवटलेली ऊर्जा रेणूचे बंधच तोडते. म्हणून लाल-हिरव्यासाठी इरिडियम वापरणाऱ्या बहुतेक फोनमध्ये निळा आजवर जुन्या, गळतीच्याच पद्धतीचा राहिला.

(दृश्य: नवा कॉम्बो बसतो. पडदा पांढराशुभ्र उजळतो.)

कारागीर बोट फिरवून कोपरे तपासतो, आणि पुढचा फोन हातात घेतो.