तेलाबरोबर वर येणारे पाणी : ओमानमधील निमरचा प्रकल्प

ओमानमध्ये बारमाही नदी एकही नाही. वर्षाकाठी सरासरी 100 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या देशात किनाऱ्यावरील शहरांची तहान मुख्यतः समुद्राचे पाणी गोडे करून भागवली जाते. याच देशाच्या दक्षिणेकडील वाळवंटात, मस्कतपासून सुमारे 700 किलोमीटरवर, निमर हे तेलक्षेत्र आहे आणि तेथे दररोज कोट्यवधी लिटर पाणी जमिनीतून वर येते. खनिज तेल ज्या खडकात साठलेले असते, त्याच खडकात खारे पाणीही असते. तेलक्षेत्र जुने होत जाते, तसतसा उपशातील पाण्याचा वाटा वाढत जातो. निमरमध्ये तेलाच्या एका पिंपामागे पाण्याची सुमारे दहा पिंपे निघतात.

तेलाचा अंश असलेले हे पाणी उघड्यावर सोडता येत नाही. त्यामुळे पेट्रोलियम डेव्हलपमेंट ओमान ही कंपनी पूर्वी ते प्रचंड दाबाच्या पंपांनी पुन्हा खोल भूस्तरांत ढकलत असे. या पंपांना वीज अतोनात लागे. टाकाऊ पाणी नजरेआड करण्यासाठी इतकी ऊर्जा खर्च व्हावी, हे खरोखर खेदजनक होते.

गेल्या दशकाच्या आरंभी बाउअर या जर्मन कंपनीने येथे वेगळी व्यवस्था उभी केली. प्रथम पाण्यातील सुटे तेल यंत्रांनी वेगळे काढले जाते आणि ते तेलक्षेत्राच्या उत्पादनात मिसळले जाते. उरलेले पाणी शेकडो हेक्टरांवर पसरलेल्या, एकाखाली एक रचलेल्या वाफ्यांत सोडले जाते. या वाफ्यांत बोरूच्या जातीचे उंच गवत दाट वाढलेले आहे. जमिनीला दिलेल्या उतारामुळे पाणी आपल्याआप एका वाफ्यातून दुसऱ्यात उतरते, त्यासाठी पंप लागत नाही. खरे काम गवताच्या मुळांभोवती आणि मातीत राहणारे सूक्ष्मजीव करतात : तेलाचे अंश हेच त्यांचे अन्न असते. प्रकल्पात शिरताना प्रत्येक लिटरमध्ये शेकडो मिलिग्रॅम असणारे तेल वाफ्यांतून बाहेर पडताना अर्ध्या मिलिग्रॅमच्याही खाली आलेले असते. आरंभी दिवसाला साडेचार कोटी लिटर पाणी शुद्ध करणाऱ्या या प्रकल्पाची क्षमता पुढे टप्प्याटप्प्याने अकरा कोटी लिटरांच्या पलीकडे नेण्यात आली. आशिया आणि आफ्रिका यांच्या दरम्यान स्थलांतर करणारे पक्षी आता येथे उतरतात; त्यांच्या शंभराहून अधिक जातींची नोंद झाली आहे.

मात्र तेल गेले, तरी क्षार राहतात. निमरचे पाणी समुद्राच्या पाण्याच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतके खारट आहे आणि त्यात बोरॉन हे मूलद्रव्यही आहे. बोरू क्षार शोषून टाकत नाही. उलट वाफ्यांतून बाष्पीभवन होत असल्यामुळे शेवटच्या वाफ्यातील पाणी पहिल्यापेक्षा अधिक खारट असते. ते पिता येत नाही, नेहमीच्या पिकांनाही चालत नाही. म्हणून त्याचा मोठा भाग विस्तीर्ण तळ्यांत सोडून उन्हाने आटवला जातो आणि मागे मीठ उरते. ज्या देशात घागरभर गोड्या पाण्यासाठी समुद्र गाळावा लागतो, तेथे हे आटणारे पाणी पाहून मन अस्वस्थ होते.

या पाण्यावर क्षार सहन करणाऱ्या वनस्पती वाढवण्याचे प्रयोग येथे झाले आहेत. तेल काढून टाकल्यामुळे दुसरी एक वाटही मोकळी होते. खारे पाणी गोडे करणाऱ्या यंत्रांतील क्षार अडवणारे पातळ पडदे तेलाने लवकर निकामी होतात; ती अडचण बोरूच्या वाफ्यांनी बरीचशी दूर केली आहे, आणि समुद्राच्या तुलनेत क्षार कमी असल्यामुळे हे पाणी गोडे करण्यास ऊर्जाही कमी लागते. तरीही मागे उरणाऱ्या अतिखारट पाण्यासाठी आटवण्याची तळी लागतीलच, आणि निमरमध्ये ती आधीपासून बांधलेली आहेत.