माळ्याच्या व्हॅनमधला पाला नक्की कुणाचा?

ही व्हॅन बघा. इंग्लंडमध्ये उन्हाळ्यात गल्लीगल्लीत अशी एक तरी उभी असतेच, आत लॉनमोवर, हेज ट्रिमर, आणि मागे फांद्या नि गवताने फुगलेली पोती. आता ही पोती घेऊन माळी रस्त्याला लागला की कायद्याच्या नजरेत तो कचरा वाहणारा पण झाला, आणि त्यासाठी एन्व्हायर्नमेंट एजन्सीकडे, म्हणजे तिथल्या पर्यावरणाच्या सरकारी संस्थेकडे, वेस्ट कॅरियर म्हणून नाव रजिस्टर असायला लागतं. नसेल तर 5,000 पौंडांपर्यंत दंड. हो, नुसत्या पाल्यासाठी!

रजिस्ट्रेशन दोन प्रकारचं, लोअर टियर आणि अप्पर टियर. लोअर फुकट, परत रिन्यू करायची भानगड नाही. अप्परला फी भरा आणि दर 3 वर्षांनी रिन्यू करत बसा.

बहुतेक माळ्यांचं लोअरवर भागतं, कारण बाग मालकाची असली तरी माळ्याने स्वतः कापलेलं गवत हा माळ्याच्या कामातून निघालेला म्हणजे त्याचाच कचरा धरतात. पण निघताना मालक म्हणाला, जाता जाता तो कोपऱ्यातला ढीग पण ने ना, मीच छाटून ठेवलाय रविवारी, तर तो झाला दुसऱ्याचा कचरा आणि असली कामं घ्यायची तर अप्पर टियर पाहिजे. पाला तोच, झाड तेच, फक्त कात्री कुणाच्या हातात होती एवढाच फरक. जुना पॅटिओ, म्हणजे बागेतली फरशी, फोडून त्याचा राडारोडा नेला तरी अप्परच, मग तो स्वतः का फोडलेला असेना.

बरं, नेऊन टाकायचा कुठे? काउन्सिलच्या, म्हणजे तिथल्या पालिकेच्या, रिसायकलिंग सेंटरवर घरचा माणूस पाला टाकून येतो, माळ्याचा मात्र धंद्याचा कचरा ठरतो, म्हणून त्याला पैसे घेणाऱ्या साइटवर जावं लागतं, आणि तिथली वेस्ट ट्रान्सफर नोट, म्हणजे कचरा कुणी कुणाला दिला त्याचा कागद, 2 वर्षं जपून ठेवायची. म्हणूनच कितीतरी माळी पाला मालकाच्याच गार्डन बिनमध्ये भरून मोकळे होतात, वाहून न्यायचा प्रश्नच नाही. मला तर हाच शहाणपणा वाटतो.

तिकडे घर असलेल्या आपल्या मंडळींनी पण ऐका, बिनरजिस्टर माणसाला कचरा दिलात तर दंड तुम्हालाही बसू शकतो. माळ्याला नंबर विचारा, सीबीडीएलने सुरू झाला तर लोअर, सीबीडीयू असेल तर अप्पर, आणि सरकारी रजिस्टर ऑनलाइन फुकटात तपासता येतं. स्कॉटलंड, वेल्समध्ये मात्र एजन्सी वेगळी, त्यामुळे तिथलं तिथे बघायचं.